उलट्या घडीवरचं गाव

मी एक जुना नकाशा आहे, उत्तर फ्रान्सचा. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी पार वैतागलेलो आहे.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा थाट काय सांगू! कोरा करकरीत कागद, निळ्या नद्या आणि सुरीने कापल्यासारख्या सरळ घड्या. इंग्लंडातल्या बार्न्सलीच्या बाजारातल्या एका दुकानातून डेरेकने मला विकत घेतलं. वाटलं, चला, आता गाडीत बसायचं, समुद्र ओलांडायचा, जग बघायचं. कसलं जग आणि कसलं काय! सोळा वर्षं मी त्याच्या जेवणाच्या टेबलापलीकडे गेलो नाही.

डेरेक पाणीखात्यात नोकरीला. लढाया, तोफा, रणगाडे म्हणजे त्याचा जीव की प्राण. रविवारी दुपारचं जेवण आटपलं की ताटल्या बाजूला सारून तो मला पसरायचा आणि युरोपातल्या रणभूमींची सहल आखायला बसायचा. दिसलं लष्करी संग्रहालय की काढ लाल पेनाने गोल! माझ्या कोपऱ्यावर ग्रेव्हीचा डाग आहे, तोही त्याचीच कृपा. बेत फुगत जायचा आणि सुट्टी मात्र पाचच दिवसांची. मग "पुढच्या वर्षी नीट आखू" म्हणत तो मला मिटायचा. आणि मिटायचा कसा? उलटा! माझ्या घड्या सोडून भलतीकडेच दुमडायचा आणि वर तळहाताने थापटायचा. अहो, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाला सोळा वर्षांत एक नकाशा मिटता येऊ नये?

पहिल्याच रविवारी त्याच्या आईने, विनीने, माझ्यावर पेन्सिलने एक बारीक फुली मारली होती. नॉर्मंडीतलं एक चिमुकलं गाव. तिथल्या सैनिकांच्या दफनभूमीत तिचा थोरला भाऊ स्टॅन आहे. १९४४ साली तो गेला तेव्हा वीस वर्षांचा होता आणि ती चौदाची. घरातलं कुणीच आजवर त्याच्या थडग्यापाशी गेलं नव्हतं. फुली मारताना ती म्हणाली होती, "वाटेत जमलं तर बघ हं." तिथेच चुकलं तिचं. डेरेकला वाटेत फक्त रणगाडे दिसतात.

यंदा मात्र बोटीची तिकिटं खरोखरच आली. विनी आता चौऱ्याऐंशीची. एवढा लांबचा प्रवास यानंतर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सैनिकांच्या थडग्यापाशी रोवतात तसा, पॉपीचं लाल कागदी फूल लावलेला छोटा लाकडी क्रूस तिने केव्हाच पर्समध्ये ठेवून दिला होता.

रविवारी डेरेकने यादी वाचून दाखवली. पाच दिवस, सतरा संग्रहालयं.

"आणि स्टॅन?" विनीने विचारलं.

"आई, ते फार आडबाजूला आहे गं. दोन तासांचा वळसा पडतो. आणि तिथे बघण्यासारखं आहे काय?"

चहाची किटली घेऊन येणारी त्याची बायको मॉरीन दारातच थबकली. "डेरेक, जिभेला काही हाड?"

"अगं, मी वेळेचं बोलतोय! बरं आई, नक्की कुठे आहे ते? दाखव."

विनी चष्मा लावून माझ्यावर वाकली. तिचं बोट नदीच्या काठाने सरकत गेलं, थांबलं आणि आरपार गेलं. फुली नव्हती. गावही नव्हतं. उलट्या घडीने तिथे भोक पडलं होतं. मित्रांनो, चूक माझी नव्हती, तरी मला माझीच लाज वाटली.

"तुझे रणगाडे सगळे शाबूत आहेत," विनी हळूच म्हणाली. "माझा भाऊ तेवढा झिजला बघ."

डेरेकचे कान लाल झाले. मग त्याने यादी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'पहिला दिवस: स्टॅनमामा.' त्याखाली काहीच लिहिलं नाही.

ते गेले आणि मीही गेलो. विनीने क्रूस मातीत रोवला, दगडावरचं नाव रुमालाने पुसलं आणि त्याखालचं वय वाचलं. "अरे, किती लहान होतास रे तू," ती म्हणाली. मग तिथेच बाकावर दुपार होईपर्यंत बसून राहिली. कुणी घड्याळ पाहिलं नाही. सतरापैकी संग्रहालयं झाली चार.

तर मित्रांनो, नकाशा मिटायचा तर त्याच्या घड्या बघून मिटा. कागदावर कुणाचं तरी माणूस असतं, ते मिटणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. डेरेकने परत आल्यावर ते भोक चिकटपट्टीने बुजवलं आणि वर गावाचं नाव लिहिलं, तेही वाकडं! मिटतो अजूनही उलटाच, काय बोलणार कपाळ? पण आता चुकीच्या जागी दुमडायला गेला की चिकटपट्टी करकरते. मग तो थांबतो, मला पुन्हा उघडतो, आणि घडी शोधू लागतो.