मशीनचा वाटा

परतूरच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंदा पहिल्यांदाच लोडरवर बाई बसणार होती, आणि ती बाई मी. उन्हाळाभर रिकाम्या आवारात शिकले होते. या लोडरला स्टेअरिंग नसतं, दोन हातांत दोन लिव्हर. डावा डाव्या चाकांचा, उजवा उजव्या. दोन्ही सारखे पुढे ढकलले की मशीन सरळ जातं. मालक काकासाहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "दैवशाला, मुहूर्ताची गंजी कापूस ओढायच्या सक्शनच्या पाइपापर्यंत ढकललीस तर सीझन तुझा. न्हाईतर अंगद बसंल." ट्रॅक्टरवाला अंगद शेजारीच उभा होता, मिशीवर हात फिरवत.

पूजा झाली, मालकांनी नारळ फोडला, प्रसाद वाटला आणि मी चढले. समोर कापसाची पांढरी गंजी, दोन्ही बाजूंना ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर चढून बघणारी माणसं. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. दोन्ही लिव्हर पुढे ढकलले.

मशीन डावीकडे वळलं. पुन्हा ढकलले, पुन्हा डावीकडे. गंजी राहिली बाजूला आणि मी आपली आवारात गोल गोल!

"वैनी, मशीनसंगं फुगडी खेळून राह्यल्या का?" अंगद ओरडला आणि सगळं आवार हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

जिनिंगचे मिस्त्री रिजवानभाई धावत आले. "डावी चाकं जोर धरून न्हाई राह्यली, भाभी. त्यांचा पंप गेला वाटतं. आज तर बिलकुल होणार न्हाई."

"मंग उतर खाली," मालक म्हणाले. "मुहूर्त टळून राह्यला. अंगद, तू ट्रॅक्टर आण, त्यानंच गंजी ढकल."

अंगद पळालाच. मी मात्र उतरले नाही. वाटेतली माणसं हटवली आणि रागारागात दोन्ही लिव्हर मागे ओढले. मशीन सुतासारखं सरळ मागे आलं!

"रिजवानभाई! पंप गेला असता तर मागं तरी सरळ कसं आलं असतं?"

त्यांच्या हातातला पाना हातातच राहिला. "बराबर! भाभी, फिरसे!"

मागे, सरळ. पुढे, डावीकडे. आम्हा दोघांनाही चेव चढला. मी इंजिन बंद केलं, त्यांनी लिव्हर हाताने रेटून पाहिले. उजवा पार टोकापर्यंत गेला, डावा चार बोटं अलीकडेच अडला. मागे ओढला की मोकळा.

"काहीतरी अडकलंय. पायाखालचा पत्रा काढा, जल्दी!" रिजवानभाई ओरडले.

बोल्ट निघाले, पत्रा उचलला. डाव्या लिव्हरच्या बुडाशी, अगदी सांध्यात, नारळाचा तुकडा रुतून बसला होता. करवंटीसकट, हळदीकुंकू लावलेला.

"हे कोणी टाकलं?" रिजवानभाईंनी विचारलं. सगळ्यांच्या नजरा मालकांकडे गेल्या. आमच्याकडे त्यांच्या वडिलांपासूनची रीत आहे, नारळ फोडला की पहिला वाटा मशीनचा, मग माणसांचा. सरकी काढायचं मशीन जागेवर उभं असतं, त्याच्या पायाशी ठेवलेला तुकडा संध्याकाळपर्यंत तिथंच असतो. यंदा मालकांनी मोठ्या मायेनं लोडरच्या लिव्हरपाशीही ठेवला होता. इंजिन थरथरलं आणि तो फटीतून खाली गेला.

माझी जीभ कुठली गप्प बसते! "मालक, उभ्या मशीनला भरवा की. पळणाऱ्याला कशाला?"

हशा पिकला. मालक मात्र हसले नाहीत. तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. मी थांबलेच नाही. पत्रा बसला, इंजिन सुरू, दोन्ही लिव्हर पुढे. सरळ! पुढची बकेट गंजीत घुसली, कापूस पुढे सरकत गेला आणि पाइपानं तो सर्रकन ओढून घेतला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी तर वेड्यासारखी ओरडत होते.

"उतर खाली," मालक पुन्हा म्हणाले.

बोललेलं भोवलं, दुसरं काय! उतरले. मालक सीटकडे बघत रिजवानभाईंना म्हणाले, "ही कडेला टेकून चालवून राह्यली. हात पुरत न्हाईत तिचे. सीट पुढं घे अन् बोल्ट कसून टाक."

"मंग अंगदचे गुडघे मावायचे न्हाईत, मालक."

"त्याला कशाला बसायचंय?"