रस्त्यावर ओतलेले पाणी

मी एक जुना आगीचा बंब आहे. हल्ली प्रशिक्षण केंद्राच्या पटांगणात कडेला उभा असतो. नवे जवान माझ्यावर चढायला-उतरायला शिकतात. कधी शाळेची सहल येते. मुले माझ्या चाकाशी उभी राहून आपली उंची मापतात आणि म्हणतात, "बापरे, केवढा दांडगा!" मित्रांनो, कौतुक ऐकून कुणाचीही छाती फुगावी. मी मात्र ओशाळतो. का, ते सांगतो.

मी कारखान्यात तयार झालो तेव्हा माझ्याभोवती माणसे गोळा होत. साध्या ट्रकची मागचीच चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात, पुढची नुसती बरोबर येतात. माझी मात्र सहाच्या सहा चाके जोर लावतात. एक चाक चिखलात घसरले, तर बाकीची मला ओढून काढतात. जिथे दुसरी गाडी हात टेकते, तिथून मी पुढे जातो. आहे की नाही मिजास करण्यासारखी गोष्ट?

पण कारखान्यातून निघताना माझ्या दाराच्या आतल्या बाजूला एक छोटी पाटीही ठोकली होती. सगळे ओझे धरून माझे वजन जास्तीत जास्त किती असावे, ते तिच्यावर कोरले होते. त्या आकड्यातून माझे स्वतःचे वजन वजा करा. उरेल तेवढाच भार मी वाहायचा. त्यातच पाणी आले, शिड्या आल्या, पाइप आले आणि माणसेही आली. पाणी दिसायला हलके, पण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. माझ्या टाकीत पाच हजार लिटर मावत. म्हणजे पाच टन झाले की! शिवाय सहाही चाके फिरवायला जे जादा दांडे आणि दातेरी चक्रे लागतात, त्यांनाही वजन असतेच. म्हणून माझ्याएवढ्याच साध्या ट्रकपेक्षा मी थोडे कमीच ओझे नेऊ शकतो. पाय बळकट असले म्हणून पाठही तेवढीच बळकट असते, असे नाही. हे कुणालाच खरे वाटत नसे. पुढे पुढे मलाही वाटेनासे झाले.

मला चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. मामांचा माझ्यावर भारी जीव. रोज सकाळी काच पुसताना ते माझ्याशी बोलत, आणि कुणी दार जोरात आपटले तर "तुझ्या घरचं कपाट आहे का रे ते?" म्हणून ओरडत. आमच्या तुकडीत ताई होती. पंप चालवण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि एक पैलवान होता. तो इतका काटकुळा होता, की गणवेशाचा पट्टा त्याला दोन वेढे बसे.

पहिली काही वर्षे सोन्यासारखी गेली. नदीकाठच्या वाळूतून, नांगरलेल्या शेतातून, दगडी चढावरून मी वेळेवर पोहोचलो. लोक म्हणू लागले, "ही गाडी कुठेही जाते." मग त्या वाक्याला शेपूट फुटले, "आणि काहीही नेते."

तिथून ओझे वाढू लागले. कुणी जादा शिडी आणून टपावर बांधली. कुणी आग विझवणाऱ्या फेसाच्या औषधाचे कॅन ठेवले. पैलवानाने वाळूच्या गोण्या रचल्या. मामांनी स्वतःची अवजारांची लोखंडी पेटी, साखळदंड आणि लाकडी ठोकळे आणले. प्रत्येक वस्तू चढवताना एकच मंत्र म्हटला जाई, "असू दे, लागेल कधीतरी." उतरवताना म्हणायचा मंत्र मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. शेवटी आमच्या अग्निशमन ठाण्याच्या साहेबांनी गावातल्या कारखान्यातून आणखी एक पाण्याची टाकी करवून घेतली आणि ती माझ्या पाठीमागे, शेपटीकडे बसवली.

त्या दिवशी माझ्या स्प्रिंगचे पाटे पार सपाट झाले. भार सगळा मागे पडल्यामुळे पुढची चाके हलकी झाली. ताई मला वळसा घालून आली आणि मामांना म्हणाली, "मामा, गाडी मागे बसल्यासारखी दिसते हो."

"ताई, हा हत्ती आहे," मामा म्हणाले. "पाठीवर कावळा बसला तर हत्ती मोजतो का?"

"कावळे फार झालेत, मामा."

"एवढंच वाटत असेल, तर पैलवानाला खाली उतरवू."

"मी उतरलो तर गाडीला कळणारसुद्धा नाही," पैलवान म्हणाला. सगळे हसले, आणि विषय तिथेच मिटला. हत्ती म्हटल्याचे मला तेव्हा केवढे अप्रूप वाटले होते!

मग एका दुपारी डोंगरावरच्या लाकूड गिरणीत आग लागली. गिरणीला लागूनच कामगारांच्या घरांची ओळ होती. वर जाणारा रस्ता मातीचा आणि खड्या चढाचा. दुसरे बंब तिथे चढूच शकत नसत. वरच्या माणसांचा सगळा भरवसा माझ्यावर होता.

मी निघालो. चढ सुरू झाला तसे इंजिन धापा टाकू लागले. निम्म्या वाटेवर एक वळण आहे. तिथे डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याने रस्त्याची कड भिजलेली असते. मामांनी स्टिअरिंग वळवले, पण माझ्या हलक्या झालेल्या पुढच्या चाकांना मातीची पकडच मिळाली नाही. मी कडेला गेलो आणि मागची चाके मातीत बसली.

"काही नाही होत," मामा म्हणाले. "सहाही चाकं लावतो."

त्यांनी जोर दिला. मीही होता नव्हता तेवढा जोर लावला. पण वरून भार इतका होता, की प्रत्येक फेऱ्याबरोबर चाके माती उकरत खाली गेली. ज्या सहा चाकांचा मला गर्व होता, त्यांनीच माझ्यासाठी सहा खड्डे खणले.

समोर डोंगरावर काळा धूर उठत होता. ताई आणि पैलवान पाइपाला पाइप जोडत वर धावले, पण पाइप संपले आणि गिरणी दूरच राहिली. मग वाळूच्या गोण्या फेकल्या. शिडी, कॅन, मामांची पेटी, सगळे रस्त्यावर आले. मी तसूभरही हललो नाही.

तेवढ्यात वरून माणसे धावत आली. त्यांच्या हातांत बादल्या, पिंपे, पातेली होती. सगळ्यांत पुढे एक मावशी होती. तिचा नवरा गिरणीत करवतींना धार लावायचा, आणि तिचे घर ओळीत पहिले, अगदी लाकडाच्या ढिगाला खेटून होते.

"अहो, इथे का थांबलात?" तिने विचारले. "आग वर आहे!"

मामा खाली उतरले, वाकून माझी चाके पाहिली आणि हळूच म्हणाले, "ताई, पाणी सोड."

"काय म्हणालात?"

"दोन्ही टाक्यांचं पाणी सोड. हलकी झाल्याशिवाय ही निघणार नाही."

मित्रांनो, आग डोळ्यांसमोर धडधडत होती आणि मी, आगीचा बंब, माझे पाणी रस्त्यावर ओतत होतो. मावशीने वाहत्या धारेखाली बादली धरली. मग दुसरी बाई आली, मग तिसरी. माणसे बादल्या भरून चढावर धावत होती, आणि बादलीत न मावलेले पाणी माती कालवत डोंगराखाली जात होते. रडणे मला येत असते, तर तेव्हा मी रडलो असतो.

मी निघालो तेव्हा टाकीच्या तळाशी थोडे पाणी उरले होते. वर पोहोचलो, तर मावशीचे घर जळून गेले होते. भिंती उभ्या होत्या, वर आभाळ दिसत होते. बाकीची घरे लोकांनी बादल्यांच्या पाण्याने भिजवून वाचवली होती. कुणाचा जीव गेला नाही, एवढेच नशीब. ताईने उरलेले पाणी धुमसत्या ओंडक्यांवर मारले. ते काम तर बादल्यांनीही झाले असते.

पण खरी लाज पुढेच होती. "खडतर रस्त्याशी झुंज देऊन बंब पोहोचला" अशी बातमी सगळीकडे पसरली. ठाण्यात कार्यक्रम झाला. बँड वाजला, माझ्या दारावर पितळी तारा बसवला गेला. साहेबांनी मामांना बोलायला उभे केले. मामा माइकसमोर गेले. एवढेच म्हणाले, "घर वाचलं नाही," आणि खाली उतरले. लोकांना वाटले, किती विनयी माणूस! त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या सकाळी मामांनी ताई आणि पैलवानाला बोलावले. रस्त्यावरून गोळा करून आणलेली प्रत्येक वस्तू पुन्हा माझ्यावर चढवली. दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. साहेबांना पुढच्या सीटवर बसवले आणि मला डोंगराच्या पायथ्याशी नेले. तिथे लाकडाचे ट्रक मोजायचा वजनकाटा होता. काट्यावरचा माणूस गडबडीने बाहेर आला. "बंबाला कशाला मोजता? तुम्हाला सगळं माफ आहे."

"मोज," मामा म्हणाले.

आकडा आला. पाटीवरच्या आकड्यापेक्षा तो जवळजवळ चार टनांनी जास्त होता. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मावशी तिथेच होती. नव्या घरासाठी वासे मोजून घ्यायला ती नवऱ्याबरोबर आली होती. तिने आकडा पाहिला, मला पाहिले.

"एवढं तर आम्ही लाकडाच्या ट्रकवरसुद्धा लादत नाही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग असता तर बरे झाले असते. राग नव्हता, नवल होते. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

ताईने मान खाली घातली. मामा म्हणाले, "सांगितलं होतं, वहिनी. मीच हसण्यावारी नेलं."

त्याच दिवशी मागची टाकी काढली. कामाची नसलेली प्रत्येक वस्तू उतरली. साहेबांनी तारा काढायला स्वतः पाना हातात घेतला. पुढे मी त्या डोंगरावर अनेकदा गेलो, मोजके पाणी घेऊन, लागले तर दुसरी फेरी मारून. मी प्रत्येक वेळी पोहोचलो. तरीही त्या ओळीतल्या पहिल्या घराचे नवे छप्पर दिसले, की मला मान वर करून पाहवत नसे.

मित्रांनो, यंत्र असो, जनावर असो की माणूस, त्याला किती पेलते ते आधी विचारा. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, "त्याला काय, तो करेल." कदाचित ती तुमची आई असेल, मोठा भाऊ असेल. त्याच्यावर आणखी एक काम टाकण्याआधी आधीचे एखादे उतरवून घ्या. आणि तुम्हालाच कुणी हत्ती म्हणाले, तर माझ्यासारखे खूश होऊन गप्प बसू नका. "एवढे मला झेपणार नाही," असे म्हणायला क्षणभर लाज वाटेल. ती लाज सोसा. ती क्षणभराची असते. मी जी सोसतो आहे, ती एका कुटुंबाचे घर घेऊन गेली आहे.