डुक्करछाप चवली

अमळनेरच्या प्रकाशचंद शेठनी कापडाचं दुकान मुलाच्या, अखिलच्या, गळ्यात घातलं आणि स्वतः चांदीच्या चिल्लरीच्या मागे लागले. या वयात माणसं देवाधर्माला लागतात. शेठ चवलीला लागले. चवली म्हणजे दोन आण्यांचं चांदीचं नाणं, अंगठ्याच्या नखाएवढं. राणीच्या, एडवर्डच्या, पंचम जॉर्जच्या चवल्या त्यांनी साक्रीच्या बाजारापासून बोदवडच्या स्टेशनापर्यंत हिंडून जमवल्या. मोठ्या रुपयाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. "रुपया कोणीही सांभाळतो हो. चवली ही हरवायचीच वस्तू. ती टिकली, यातच तिचा मोठेपणा," असं ते म्हणत, आणि ऐकणारा उठून गेला तरी म्हणत राहत.

त्यांतली सगळ्यात लाडकी १९११ सालची. त्या वर्षी राजाच्या झग्यावर इवलासा हत्ती कोरला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर वाटला. देशभर बोंबाबोंब झाली आणि सरकारने पुढच्याच वर्षी हत्ती सुधारून घेतला. म्हणून नाणी जमवणारे तिला डुक्करछाप म्हणतात. शेठना ती साक्रीकडच्या झुलालआबांनी दिली, आईच्या गळ्यातल्या माळेतून काढून.

"आबा, यावर कोणतं जनावर आहे, ओळखलं का?" शेठनी भिंग पुढे करत विचारलं होतं.

"डुक्कर शे का हत्ती शे, माले काय ठाऊक?" आबा म्हणाले. "मन्ही माय तर त्याले उंदीर म्हने."

घरी मात्र शेठनी बायकोला, जतनबाईंना, हत्तीच सांगितला. डुक्कर म्हटलं असतं, तर जतनबाईंनी नाण्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं आणि नाणं आणणाऱ्यालाही नाही. "गजराज आहे, बघ," शेठ म्हणाले. जतनबाईंनी हात जोडले, नाणं कपाळाला लावलं. शेठना जरा चोरट्यासारखं झालं, पण आपलं काम भागलं याचा आनंद त्याहून मोठा होता.

ही चवली त्यांना एका माणसाच्या तोंडावर मारायची होती. धुळ्याचे भूपेंद्रभाऊ. त्यांची पिढीजात सराफी, आणि दातांचा गर्व असा की विचारू नका. कुठलंही नाणं ते दाढेखाली धरत, डोळे मिटत आणि निकाल देत. गेल्या वर्षी जळगावच्या प्रदर्शनात त्यांनी शेठची एक चार आण्यांची पावली चावली आणि भर सभागृहात पचकन थुंकून सांगितलं, "खोटी! वर घासूनपुसून चकचकीत केलेली!" खोटी असेल एक वेळ. पण घासलेली? नाण्याला पाणीसुद्धा लावू नये, त्याच्यावर चढलेला काळ म्हणजेच त्याची अब्रू, हे शेठ दहा गावांत सांगत फिरत. त्या दिवसापासून अमळनेरच्या नाक्यावर पोरंसुद्धा त्यांना पाहून दात दाखवत. यंदा डुक्करछाप नेऊन हा डाग धुवायचाच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. यंदा थुंकून दाखवाच, भूपेंद्रभाऊ!

प्रदर्शन चार-पाच दिवसांवर आलं आणि घरात नातीचं, जिनलचं, उष्टावण निघालं. त्यांच्या घरची रीत अशी की बाळाला पहिली खीर चांदीच्या नाण्यावरून चाटवायची. देव्हाऱ्यातला लक्ष्मीचा रुपया जिनलच्या ओठांना लावला, तर तिने तोंड गच्च मिटून घेतलं. एवढं मोठं ताट कोण तोंडात घेईल? तेव्हा जतनबाईंना गजराज आठवला. नाणं लहान, वर हत्तीचा शकुन. शेठ पाहुण्यांना सरबत देण्यात गुंतलेले. बाईंनी कपाट उघडलं, चवली काढली आणि खिरीत बुडवून नातीच्या ओठांना लावली.

जिनलने नाणं चाटलं नाही. गिळलं.

पुढचा तासभर शेठना ना चवली आठवली ना भूपेंद्रभाऊ. सून पलक रडत होती, जतनबाई नवकार मंत्र म्हणत होत्या आणि अखिल गाडी हाकत होता. पोरीला काही झालं तर सगळा संग्रह बोरी नदीत फेकून देईन, असं शेठनी मनातल्या मनात कबूल केलं, आणि ते अगदी खरं होतं. दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. पोटात मधोमध एक पांढरा ठिपका.

"खाली उतरलंय. घाबरू नका, दोन-तीन दिवसांत आपोआप पडेल. केळं द्या, लक्ष ठेवा."

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. शेठ फोटोजवळ सरकले. "डॉक्टर, साल दिसतंय का?"

पलकने सासऱ्यांकडे असं पाहिलं की डॉक्टरांनीच मान खाली घातली. घरी आल्यावर तिने निकाल सांगून टाकला. "पप्पाजी, नाणं तुमचं. लक्षही तुम्हीच ठेवायचं."

तर अमळनेरचे प्रतिष्ठित व्यापारी, दोन संस्थांचे माजी अध्यक्ष, नातीच्या लंगोटांवर भिंग घेऊन बसले. जिनल मजेत केळं खाई आणि आजोबांकडे बघून हसे. दर वेळी शेठ आशेने उठत आणि नाक दाबून परत येत. शेवटी, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी, त्यांच्या न्हाणीघरातून आरोळी आली, "आली! आली!" दूधवाला आत येता येता परत गेला.

आता खरी पंचाईत. धुवावं तर नाण्याची अब्रू जाते, न धुवावं तर घरातल्यांची. जतनबाई चिंच आणि राख घेऊन दारात उभ्याच होत्या. "अहो, घासा ते! नाहीतर मी घासते!" शेठ चवली मुठीत धरून परसात पळाले. बराच वेळ विचार करून त्यांनी मधला मार्ग काढला. इन्व्हर्टरसाठी आणलेलं बॅटरीचं शुद्ध पाणी तिच्यावरून तेवढं ओतलं, ती कापसावर टिपली, आणि बोट म्हणून लावलं नाही. त्या कापसाला वास होता, पण तो आपण घेतलाच नाही असं त्यांनी ठरवलं.

मग उन्हात पाहतात तर काय! चवलीवर निळ्या-जांभळ्या रंगाची अशी सुरेख झाक चढली होती की शेठना भरून आलं. डुक्कर नुसतं मोरपंखी झालं होतं. जतनबाईंनी नाणं घरात घेऊ दिलं नाही, ते रात्रभर स्कूटरच्या डिकीत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळं घर जळगावला. कोणाच्याही हाती आता नाणं द्यायचं नाही म्हणून शेठ पुढे, आणि शेठ काय करतात ते बघायला बाकीचे मागे. चवलीच्या टेबलाभोवती ही गर्दी जमली. "अशी झाक यायला शंभर वर्षं लागतात," एक जाणते गृहस्थ म्हणाले. "कुठे ठेवलं होतं हो?"

"घरातच," शेठ म्हणाले. "जरा उबदार जागी."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि भूपेंद्रभाऊ आले. त्यांनी चवली चिमटीत धरली, उजेडात फिरवली, भुवई उडवली. "रंग दिलेला वाटतो. बघू या." आणि नाणं तोंडाकडे नेलं.

शेठचा जीव टांगणीला लागला. वर्षभर याच क्षणाची वाट पाहिली होती, पण शेवटी शेठही माणूसच. "भाऊ, नका! तोंडात नका घालू!"

"का हो? घाबरलात?"

"तसं नाही. तब्येतीला बरं नाही."

"खोट्या नाण्याच्या मालकाला असंच वाटतं," भूपेंद्रभाऊ सभागृहाला उद्देशून म्हणाले, आणि चवली दाढेखाली धरली. भाऊंनी डोळे मिटले. दात दाबले. जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. शेठनी भिंतीकडे तोंड केलं.

"खरी!" नाणं दाढेखालून काढत भाऊ गरजले. "शंभर टक्के खरी! घासलेली नाही, धुतलेली नाही. अहो, ही चव खोट्याला येतच नाही. प्रकाशशेठ, गेल्या वर्षीचे शब्द मी सगळ्यांसमोर मागे घेतो. लोकहो, बघून घ्या, याला म्हणतात अस्सल डुक्कर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. नेमकं तेव्हाच जिनलला कडेवर घेतलेल्या जतनबाई टाळ्या थांबवून पुढे आल्या.

"डुक्कर?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे हत्तीच गं," शेठ पुटपुटले, "जरा आखूड सोंडेचा..."

"मला गजराज सांगितलात! आणि मी ते उष्टावणाला वापरलं! अहो, तीन दिवस माझ्या नातीच्या पोटात डुक्कर होतं आणि तुम्ही बोलला नाहीत?"

टाळ्या थांबल्या. भूपेंद्रभाऊंनी जिनलकडे पाहिलं. जिनलने त्यांच्याकडे पाहिलं आणि बोळकं पसरून ती खुदकन हसली. भाऊंच्या जिभेवर जे काही होतं ते हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"पोटात," ते म्हणाले. "म्हणजे मग... बाहेर..."

"धुतलेलं नाही," ते जाणते गृहस्थ शांतपणे म्हणाले. "भाऊ, तुम्हीच सांगितलंत."

आता थुंकावं, तर नाणं खोटं ठरतं. गेल्या वर्षी थुंकूनच निकाल दिला होता आणि सगळं सभागृह तोंडाकडे बघत होतं. भूपेंद्रभाऊ धुळ्याचे सराफ, दातांची चार पिढ्यांची पत पणाला. त्यांनी एकदा शेठकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे पाहिलं. मग त्यांनी आवंढा गिळला.

त्या वर्षीची ढाल शेठना मिळाली. नाक्यावरच्या पोरांनी दात दाखवायचं बंद केलं. जतनबाईंनी मात्र नवऱ्याला आठ दिवस ओसरीवर झोपवलं, आणि चवलीचा मुक्काम अजून डिकीतच आहे.