भाऊजींची शाळा

लहानूला ट्रक चालवायला शिकायचं होतं आणि सत्त्याऐंशी साली भिवंडीत ट्रक शिकवणाऱ्यांना तोटा नव्हता. बाजारपेठेत एका जिन्याखाली मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. भिंतीवर सिग्नलची रंगीत चित्रं, बाहेर डबल ब्रेकची जुनी अँबेसडर. "आधी ही शीक, हेवीचं पुढं बघू," असं तिथल्या मास्तरांनी सांगितलं. कल्याण रोडच्या शाळेकडे खराखुरा ट्रक होता, पण केबिनमध्ये खुराड्यातल्या कोंबड्यांसारखी पोरं कोंबलेली. ज्याच्या हाती स्टेअरिंग येई त्यानं मैदानाला एक चक्कर मारायची आणि उतरायचं.

लहानू तेव्हा राहनाळच्या गोदामात कापडाच्या गाठी उचलायचा. तिथल्या ड्रायव्हरांना त्यानं विचारलं तर ते हसलेच. "शाळेचा कागद बघून कुठला शेठ तुला गाडी देनार रे? उस्ताद लागतो. उस्तादानं सांगितलं, हा माझा मानूस, की झालं."

उस्ताद तर घरातच होता. लहानूच्या थोरल्या बहिणीचा, हौसाचा नवरा हिरामण. राहनाळलाच राहायचा, ट्रान्सपोर्टच्या शेठची गाडी घेऊन राजस्थानपर्यंत कापड पोचवायचा. एवढ्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, असं त्याचं नाव होतं. लहानूनं विचारलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "ये की. राहायलाच ये. क्लीनर म्हनून चल माझ्यासंगं, शिकवतो."

दिघाशीला गावी आईला, कमळाबाईला, हे कळलं तेव्हा तिचा चेहरा उजळला, पण कारण वेगळं होतं. "हौसाजवळ घरचं मानूस असलेलं बरं," एवढंच ती बोलली. लहानूनं पुढे विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. वैशाखातल्या बुद्धजयंतीला हौसा आली होती ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून, आणि भर उन्हात घाम पुसत बसली तरी तिनं बाही वर केली नव्हती.

तो सामान घेऊन राहनाळला आला तेव्हा हौसानं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि ती म्हणाली, "बरं झालं आलास. आता मला भ्या न्हाय."

हिरामण शिकवायचा मात्र असा, की तसं शिकवणारा दुसरा कुणी भेटायचा नाही. लहानूचा हात गिअरवर, त्यावर स्वतःचा हात ठेवून तो सांगायचा, "मारामारी करू नको तिच्याशी. तिला काय पायजे ते ती सांगते. ऐक." मनोरच्या अलीकडे चढावर लहानूनं गाडी बंद पाडली. मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न, आयमाईवरून शिव्या. हिरामणनं खिडकीतून हात काढून सगळ्यांना थांबवलं आणि तो शांतपणे म्हणाला, "पुन्हा लाव. क्लच हळू सोड. घाई कुनाला हाय?" लहानूचा बाप तो रांगता असताना गेला होता. इतक्या मायेनं त्याच्याशी कुठला पुरुष बोलला नव्हता. त्या चढावर त्याचा जीव हिरामणवर जडला.

घरी तेच हात वेगळे व्हायचे. भाकरी करपली, अंघोळीचं पाणी कोमट निघालं, दारात दुसऱ्या कुणाशी बोलत होतीस, कुठलंही निमित्त पुरायचं. पहिल्याच रविवारी भर दुपारी लहानू बाहेर ट्रकवर ताडपत्री बांधत होता. आतून आवाज आला. मग हौसाची हाक आली, स्पष्ट, "लहानू!"

तो उडी मारून दारापर्यंत गेला. हिरामण बाहेर आला. त्याला धाप लागली होती, पण बोलला तो नेहमीच्याच हळू आवाजात, "मागच्या टायरात हवा कमी वाटते रे. बघ जरा."

त्याच्या खांद्यावरून लहानूला आतलं दिसलं. भिंतीशी हौसा बसली होती, पदर तोंडाशी धरून, आणि थेट त्याच्याकडेच बघत होती.

लहानू टायर बघायला गेला. हवा ठीक होती. मग त्यानं बाकीचे टायर बघितले, एकेक करून, सावकाश, पान्यानं ठोकून. ठोकण्याचा आवाज घरात जात असणार हे त्याला कळत होतं.

त्यानंतर हौसानं त्याला कधी हाक मारली नाही. वाढायची, कपडे धुवायची, विचारलं तेवढं बोलायची. लहानू मनाशी म्हणायचा, एकदा लायसन हातात येऊ दे, मग हिला घेऊन सरळ दिघाशी. हेवीचं लायसन आलं. तेव्हा त्यानं ठरवलं, आता आपली गाडी मिळू दे, मग. मधल्या काळात हौसाचं मनगट एकदा मोडलं आणि वाकडंच बसलं. लहानूनं तिला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, "मोरीत घसरली," असं तोच म्हणाला.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर हिरामण त्याला घेऊन शेठकडे गेला. शेठनं लहानूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हिरामण बोल रहा है तो आदमी पक्का होगा. दिवाली के बाद नई गाड़ी आएगी, वो इसको देंगे."

त्याच आठवड्यात हौसा घर सोडून गेली. दोघं खेपेवरून आले तर चूल थंड, दाराला कडी. शेजारणीनं सांगितलं, सकाळच्या एस.टी.नं दिघाशीला गेली. लहानूला वाटलं, आता हा भडकणार. हिरामण ट्रकच्या पायरीवर बसला, विडी पेटवली, आणि म्हणाला, "तू जा. घेऊन ये तिला. तुझं ऐकंल ती."

लहानू ताडपत्रीची दोरी गुंडाळत राहिला.

"उद्या शेठनं विचारलं तर काय सांगू मी? घरातलं मानूस ज्याला आनता येत न्हाय, त्याच्या हाती गाडी द्या?" मग त्यानं खिशातून किल्ली काढून पुढे धरली. "गाडी ने. एकटा जा."

आजवर त्यानं लहानूला एकट्याला गाडी दिली नव्हती. सांगायला लाज वाटावी, पण किल्ली हातात आली तेव्हा लहानूला आनंद झाला. अंबाडीच्या रस्त्याला रिकामा ट्रक पळवताना तो शीळ घालत होता.

दिघाशीला आईनं अख्खी आळी गोळा केली. "माझा लेक गाडी घेऊन आला!" म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसा अंगणात वाल सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"ताई, चल."

"कुठं?"

"घरी."

"मंग हे काय हाय?"

लहानू तिच्याजवळ उकिडवा बसला. "भाऊजींनी शबूद दिलाय. हात उचलनार न्हाईत आता."

हिरामणनं असा काही शब्द दिला नव्हता. हौसानं हातातली शेंग खाली ठेवली. "तुला दिला?"

"मला."

"तू सांगतोस?"

"मी सांगतो ताई."

"भाऊ सांगतो तर जा बाय," आई म्हणाली. "तो हाय ना तिथं."

हौसानं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. तिनं विश्वास ठेवला, की ती नुसती थकली होती, हे लहानूला त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही नाही. ती उठली, हात धुतले, पिशवी घेतली. त्यानं हात पुढे केला, पण ती स्वतःच्या स्वतः केबिनमध्ये चढली.

परतीच्या रस्त्यावर लहानूनं गाडी अशी चालवली की पोटातलं पाणी हलू नये. खड्डा आला की आधीच वेग कमी, गिअर लोण्यातून सुरी जावी तसा. बैलगाडी समोर आली तर त्यानं बाजूला थांबून तिला जाऊ दिलं. हौसानं काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटत होतं. पूर्णा गावाच्या अलीकडे ती बोलली.

"त्याच्यासारखीच चालवतोस तू."

लहानू खुलला. "त्यांनीच तर शिकवली."

"व्हय," हौसा समोरच्या काचेतून बघत म्हणाली. "समदंच शिकवलंय."



राहनाळला हिरामण दारातच उभा होता. त्यानं केबिनचं दार उघडलं, बायकोच्या हातातली पिशवी घेतली, ती आत गेली. मग तो ट्रकभोवती एक चक्कर फिरला, मडगार्डवरून तळवा फिरवला. "कुठं घासली न्हाय. शाब्बास," तो म्हणाला. "धुऊन घे तिला, धूळ बसली हाय." आणि आत जाऊन त्यानं कडी लावली.

लहानूनं नळाला पाइप जोडला आणि तोटी पूर्ण सोडली. पत्र्याच्या हौद्यावर पाण्याचा मारा धडधडत राहिला. गाडी स्वच्छ झाली तरी त्यानं पाणी बंद केलं नाही.

दिवाळीनंतर शेठनं नवी गाडी लहानूच्या हाती दिली. पुढच्या वर्षांत त्याचं चांगलं नाव झालं, लोक त्याला शांत ड्रायव्हर म्हणायचे.

चौऱ्याण्णव साली कमळाबाई गेली. हौसा आणि हिरामण एका गाडीतून दिघाशीला आले, लहानू दुसरीतून. माती झाल्यावर बायका पांगल्या, तेव्हा लहानू बहिणीसमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, माझ्या गाडीत चल. जिथं म्हनशील तिथं नेतो. राहनाळला नको."

हौसानं त्याच्याकडे पाहिलं, एखाद्या अनोळखी माणसानं रस्ता विचारावा तसं. मग ती वळली, वाकड्या मनगटानं पदर सावरला आणि हिरामणला म्हणाली, "चला. उशीर होतो."