टीव्ही आला आणि माझं तोंड भिंतीकडे झालं

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नाही, व्यसनमुक्ती केंद्रातला. आमच्या समुपदेशक ताई माझ्यावर एक गोल काढत. मन उदास झालं की नशा, नशेनंतर पश्चात्ताप, पश्चात्तापाने पुन्हा उदासी. "हा गोल कुठे तोडायचा, ते शोधू या," असं त्या म्हणत. सगळे माझ्याकडे टक लावून बघत आणि माझी छाती फुगे.

मग टीव्ही आला. रंगीत, बोलका! मला पाठमोरं करून भिंतीला टेकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बंद असला की तोही माझ्याइतकाच काळा, पण तोरा केवढा! नव्याची नवलाई नऊ दिवस, अशी मी मनाची समजूत घातली. नऊ दिवस केव्हाच सरले.

वर्गाला रोज घरून येणारा एक शिंपी होता. त्याची नशा सुटली होती, पण झोप येईना, शिवणाला हात लावावासा वाटेना. नशेबरोबर उदासीही जायलाच हवी, असं त्याला वाटे. म्हणून तो ती लपवी. चेहरा उतरलेला दिसला की थोरली बहीण विचारायची, "पुन्हा घेतलीस का रे?" रोज हे ऐकण्यापेक्षा घेतलेली काय वाईट, असं आता त्याच्या मनात येऊ लागलं होतं.

एकदा टीव्हीने सांगितलं, उदासी हाही आजार आहे, तो नशा सुटल्यावरही राहू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. शिंपी हुंदके देऊन रडला. खरं सांगू? तो माझ्यासमोर का नाही रडला, म्हणून मी जळत राहिलो.

घरच्यांच्या भेटीच्या दिवशी बहीणही केंद्रात आली.  शिंप्याने मला वळवलं. ताईंचा गोल माझ्यावर तसाच होता. खिशातला कापडावर खुणा करायचा खडू काढून त्याने 'उदासी' आणि 'नशा' यांच्यामध्ये लिहिलं, 'लपवणं'.

"अक्का, मी घेतली नाही गं. पण मला बरं वाटतच नाही."

 अक्काने त्याच्या हातातला खडू घेऊन शेजारी लिहिलं, 'माझा संशय'.

"चल, डॉक्टरांना विचारू. मी पण येते," ती म्हणाली आणि तिने दोन्ही शब्द तळहाताने पुसले. गोल तिथेच तुटला.

शिंपी आता औषध घेतो, ताईंशी बोलतो, थोडं थोडं शिवतो. टीव्हीचा हेवा मला अजूनही वाटतो. मित्रांनो, घरात कुणी उदास दिसलं, तर संशय घेण्याआधी "कसं वाटतंय?" एवढं विचारा. आणि माझ्यासारख्याचं तोंड भिंतीकडे करू नका. टीव्हीच्या काचेला हात लावला की ताई रागावतात. माझ्यावर अक्काचा तळहात उमटलाय, तो त्यांनी अजून पुसलेला नाही.