उभ्या तंतूंचा पाय

मित्रांनो, मला पाहून तुम्ही पाय म्हणणार नाही. एक काळी, वाकडी पट्टी, एवढंच तुम्हाला दिसेल. पण एका बाईनं आपला सगळा भार माझ्यावर टाकला होता. त्या दिवसांची काळजी अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, म्हणून माझा जन्म झाला. केसाहून बारीक कार्बनचे तंतू राळेत भिजवले, थरावर थर रचले, साच्यात दाबून तापवले. मापं घेताना कारागिरानं तिला विचारलं होतं, "दिवसभरात चालणं किती होतं?"

"भरपूर! बूड टेकायला फुरसत मिळत नाही मला."

म्हणून त्यानं माझे जवळजवळ सगळे तंतू टाचेकडून बोटांकडे, एकाच दिशेनं उभे घातले. त्या दिशेनं वाकवलं की मी स्प्रिंगसारखा उसळायचो. पिळलं, की मात्र तंतूंचा उपयोग नसे. सगळा ताण त्यांच्या मधल्या राळेवर यायचा. जळणाचं लाकूड रेषेरेषेनं कसं चटकन फुटतं, तसा मीही त्या बाजूनं कच्चा होतो.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. ती एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिची नणंदही तिथेच भाज्या चिरायची. हाडापेरानं चांगली थोराड, तरी सगळे तिला बारकीच म्हणायचे. पहिल्या दिवशी बारकीनं मला बुटावरून थोपटलं आणि म्हणाली, "वहिनी, आता हा पाय घेऊन तू माझ्याही पुढे पळशील!"

पण तिथं पळणं सोडाच, चालणंही नव्हतं. समोर शेगड्या, पाठीमागे मोरी, मध्ये जेमतेम उभं राहण्यापुरती जागा. वहिनी पातेलं उचलायची आणि माझ्यावर गर्रकन वळायची. दिवसभर तेच. प्रत्येक वळणाला मी पिळला जायचो.

एकदा माझ्या आत 'टक्' झालं. दोन तंतूंच्या मधली राळ तडकली होती. बाहेरून मी तसाच काळा, गुळगुळीत दिसत होतो.

बारकीचे कान तिखट. सुरी थांबवून तिनं विचारलं, "कसला आवाज गं?"

"बूट वाजतोय," वहिनी म्हणाली.

"पायच वाजतोय, वहिनी. दाखवून ये ना एकदा."

"दाखवायला गेले की ठेवून घेतील, आणि मी घरी कुबड्यांवर बसू? काही नाही झालंय त्याला."

मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड कुठलं? चीर लांबत चालली. सकाळी ती मला बुटात घालायची, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागायचा. तिच्या हातात रिकामं ताट असलं की वाटायचं, तुटायचंच असेल तर आता तुटावं. मोठं पातेलं दिसलं की वाटायचं, देवा, आता नको.

आणि नेमकं उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन ती वळली, तेव्हाच मी टाचेपासून उभा फाटलो.

माझे तंतू तुटले नाहीत, पण एकमेकांपासून सुटले. मी तिच्याखाली मऊ पडलो. ती कलली. बारकीनं सुरी टाकून झेप घेतली आणि पातेलं मोरीकडे ढकललं. वहिनी वाचली. पाणी बारकीच्या हातावर गेलं.

बारकीच्या हाताला पट्टी बांधलेली असतानाच दोघी कारागिराकडे आल्या. त्यानं माझी फट पाहिली, मग बारकीच्या हातावरची पट्टी पाहिली.

"तुमचं काम मी नीट विचारलंच नाही," तो म्हणाला. "तिरके थर घालायला हवे होते. काही या बाजूला, काही त्या बाजूला कललेले. पीळ त्यांनी झेलला असता."

"मीही आवाज ऐकून गप्प बसले," वहिनी म्हणाली आणि रडायला लागली.

बारकी म्हणाली, "रडू नकोस गं. उजवा हात आहे ना शाबूत. कांदे तू चीर म्हणजे झालं."

नवा पाय उभ्या आणि तिरक्या थरांचा झाला. तो थोडा जड आहे, उसळी कमी मारतो, पण वळताना तिला धरून ठेवतो. बारकीच्या हाताची कातडी मात्र आखडलीच. तिला मूठ पुरती मिटता येत नाही.

मी आता कारागिराच्या टेबलावर असतो. नवे शिकणारे येतात, माझ्या फटीत नख घालून पाहतात आणि चुकचुकतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. आपण कुठल्या बाजूनं कच्चे आहोत, ते कुणीतरी पाहिलेलं बरं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा असा पाय असेल, काठी असेल, चाकाची खुर्ची असेल, तर अधूनमधून त्यावरून हात फिरवा. कुरकुर ऐकू आली तर 'काही नाही' म्हणून पुढे जाऊ नका. तुटताना आम्हाला दुखत नाही. दुखतं ते तुमच्या माणसांना.