लेकरांसाठी निघालेली दमणी

मी एक जुनी दमणी आहे. दमणी म्हणजे माणसांनी बसून जायची हलकी बैलगाडी. माझी चाकं आता खिळखिळी झाली आहेत, पण मित्रांनो, माझा राग अजून शाबूत आहे.

दर्यापूरच्या एका सुताराने बाभळीचं लाकूड तासून मला घडवलं, ते मैनाबाईसाठी. ती जातीची माळीण, गावाबाहेर तिचा वांग्या-मिरच्यांचा मळा. तिची लेक जमुना जन्मापासून पायांनी अधू होती. ती पडू नये म्हणून मैनाबाईने मला दोन्ही बाजूंनी उंच कठडे बसवून घेतले. लोक हसले, "पोरीसाठी पिंजरा केला!" मैनाबाईने कोणाला जुमानलं नाही.

अमरावतीत एक म्हातारे हाडवैद्य होते. अशा लेकरांना ते तेल लावून चोळत, कुबड्या करून देत. पण परगावच्या लेकरांना तिथे राहायला जागा नव्हती. आया त्यांना घेऊन झाडाखाली पडून राहत. मैनाबाईने मनावर घेतलं, की एक निवारा उभा करायचाच.

तेव्हा सातासमुद्रापार कुठे तरी लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. मैनाबाईने जमुना आणि तिच्यासारख्या आणखी दोघा लेकरांना माझ्यात बसवलं आणि गावोगाव फेरी काढली. वेचणाऱ्या बाया आपल्या ओटीतला कापूस हसत हसत देत. "घे माय, लेकराइच्या छपरासाठी!" त्या दिवसांत मला धन्य वाटे.

मग फेरीत उत्तमराव शिरला. तो कापसाचा दलाल. त्याने मला झेंडूचे हार घातले, पुढे डफडी लावली. गावोगावी लोक त्याच्याच पाया पडू लागले. जमलेला कापूस तो आपल्या बंडीत, म्हणजे मालाच्या बैलगाडीत, ठेवून घेई. "अमरावतीले पोचवतो, बाई. फिकर नोका करू."

अमरावतीच्या वाटेवर त्याच्या बंडीच्या चाकांचा आस मोडला. मैनाबाई नाल्यावर पाणी आणायला गेली होती. उत्तमरावने इकडेतिकडे पाहिलं आणि माझा गाडीवान पुंजाराम याला हुकूम सोडला, "उतरव लेकरं. कापूस भर हिच्यात."

"मालक, उन्हात ठेवू लेकराइले?"

"लेकरं उद्या नेता येतीन. भाव उद्या राह्यते का?"

पुंजारामने मान खाली घातली आणि लेकरं उतरवली. तापल्या मातीवर, काट्याकुट्यांत! ती बसत होती त्या जागी कापूस कोंबला गेला. मित्रांनो, मी लाकडाची. मला ओरडता येत नव्हतं. त्या कापसासकट पेटून जावं, असं मला वाटलं.

पुंजाराम बैल हाकणार, तेवढ्यात जमुना हातांवर सरकत आली आणि माझ्या चाकापुढे बसली. "मी नाही हालत," ती म्हणाली.

"हट पोरी! हाक रे पुंजाराम!"

पुंजारामने कासरा खाली टाकला. "माह्याच्यानं नाही होत, मालक. तुमीच हाका."

उत्तमरावने खरंच चाबूक उचलला. बैलांच्या पाठीवर वळ उठले, पण ते मुके जीव जागचे हलले नाहीत.

मैनाबाई धावत आली. घागर फेकून तिने चाबूक हिसकावून घेतला. "काहून उतरवलं लेकराइले?"

"फेरी माह्या नावानं गाजून राहिली, बाई. माहा कापूस..."

"तुह्या कापसाले लागो आग! लेकरं नसती त कुत्रं बी आलं नसतं तुह्या मांगं!"

तिने दोऱ्या तोडल्या आणि सगळा कापूस धुळीत लोटला. पुंजारामने लेकरांना उचलून पुन्हा माझ्यात बसवलं. आम्ही अमरावतीला पोचलो, पण बायांनी दिलेला तो कापूस उत्तमरावने मागाहून धुळीतून उचलून विकला. मैनाबाईने त्याचे पैसे मागितले, तर तो सरळ म्हणाला, "कोनता कापूस?"

पुढच्या हंगामात मैनाबाई पुन्हा निघाली, डफडीशिवाय. निवारा झाला. मातीच्या भिंतींचा, पण लेकरांना पुरेल असा. जमुना तिथेच कुबड्यांवर उभी राहायला शिकली. आणि ऐका, कापसाच्या पैशात लोळणाऱ्या उत्तमरावने दारावर एक घडीव दगड बसवून दिला. त्यावर नाव कोरलं, ते त्याचंच. येणारे-जाणारे त्या दगडाला हात जोडत.

मैनाबाई म्हणे, "लेकरं आत हायेत ना? बस झालं."

मला नाही बस झालं. आज मी गोठ्याच्या कोपऱ्यात पडून आहे, कोंबड्या माझ्यावर अंडी घालतात, आणि त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, तुम्ही दुबळ्यांच्या नावाने कधी काही काढलंत, तर त्यांना पुढे बसवून वाटेत उतरवू नका. आणि कोणी उतरवताना दिसला, तर मुकाट्याने पाहू नका. तुम्हाला तोंड आहे. मला नव्हतं.